जुन्या ट्रकचं इंजीन ओळखा, मगच सुटे भाग आणा



आज बियाणं नाही, खत नाही, फवारणीही नाही. आज बोलायचं आहे ते शेतातला माल बाजारात नेणाऱ्या जुन्या ट्रकविषयी. चौघा-पाचांनी मिळून जुनी गाडी घेण्याची पद्धत आता गावोगाव आहे. गाडी स्वस्तात मिळते, पण ऐन हंगामात इंजीन उघडावं लागलं की खरी परीक्षा सुरू होते.

माझ्याच भागातली गोष्ट सांगतो. पाच शेतकऱ्यांनी मिळून जुना 1210 ट्रक घेतला. कांदा भरला आणि इंजिनानं दम टाकला. मिस्त्रीनं चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘1210 चा लायनर-पिस्टन सेट’. तालुक्याहून सेट आला, पण लायनर ब्लॉकमध्ये बसेना. सेट होता 697 इंजिनाचा आणि गाडीत होतं 692. खोकं फोडलेलं, त्यामुळे दुकानदार परत घेईना. बरोबर सेट यायला नववा दिवस उजाडला. तोवर गोण्यांतून पाणी सुटलं होतं. चूक ना दुकानदाराची, ना एकट्या मिस्त्रीची. चिठ्ठीवर गाडीचं नाव होतं, इंजिनाचं नव्हतं. एवढीच चूक पाच घरांना भोवली.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. गाडीचं वय वेगळं आणि इंजिनाचं वय वेगळं असू शकतं. आर.सी. बुकात उत्पादनाचा महिना आणि साल असतं, ते गाडीचं. इंजीन मागच्या मालकानं बदललेलं असेल तर त्या सालावरून भाग मागवणं म्हणजे अंधारात दगड मारणं. दर्शनी खुणांवरही जाऊ नका. टेल्कोचा जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार 1954 साली झाला आणि 1969 पर्यंत चालला. त्या काळातल्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे, पुढं ‘टी’ अक्षर आलं. पण जाळी आणि बिल्ला कुणीही बदलू शकतो. ही नुसती खूण आहे, पुरावा नव्हे.

मग पुरावा कुठला? ब्लॉकवर ठोकलेला इंजीन नंबर. रॉकेलच्या फडक्यानं तेल-माती पुसा, तारेच्या ब्रशानं हलक्या हातानं घासा, वरून खडू फिरवा. अक्षरं उठून दिसतात. कानस किंवा ग्राइंडर मात्र लावू नका. नंबर खराब झाला तर आर.टी.ओ.त जाब द्यावा लागेल. हा नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहा. जुळत नसेल तर इंजीन बदललेलं आहे असं धरा आणि आधी कागदपत्रं नीट करून घ्या.

आता इंजिनाच्या नावाचा अर्थ समजून घ्या, तो फार सोपा आहे. टाटांच्या या जुन्या इंजिनांत पहिला आकडा सिलिंडरांचा आणि पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. 692 म्हणजे 6 सिलिंडर आणि 92 मि.मी. बोअर. 697 म्हणजे 6 सिलिंडर आणि 97 मि.मी. 692 चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 120 मि.मी.; 697 चा 128 मि.मी. सी.सी. अनुक्रमे 4,788 आणि 5,675.

पण नुसत्या नावावरही थांबू नका. 497 या नावाची दोन इंजिनं आहेत. दोन्हींना 4 सिलिंडर, दोन्हींचा बोअर 97. पण 497 एस.पी.चा स्ट्रोक 100 मि.मी. आणि सी.सी. 2,956, तर 497 टी.सी.चा स्ट्रोक 128 आणि सी.सी. 3,783. बोअर तेवढाच, म्हणून भाग चालेल असं समजून आणलात तर पैसे पाण्यात. तेव्हा नावापुढची अक्षरंही चिठ्ठीवर उतरवा.

नंबर पुसट असेल तर मोजून बघा. हेड काढल्यावर सिलिंडरच्या अगदी वरच्या कडेला, जिथं रिंग पोचत नाही तिथं, व्हर्निअर लावा. खालचा भाग झिजलेला असतो, तिथलं माप फसवतं. मग क्रँक फिरवून पिस्टन वरून खाली किती जातो ते मोजा. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घ्या. बोअर गुणिले बोअर, गुणिले 0.785, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडरांची संख्या. आलेला आकडा म्हणजे सी.सी. 9.2 आणि 12 घेऊन सहा सिलिंडरांचा हिशेब केलात तर 4,788 च्या आसपास उत्तर येईल. घरात शाळेत जाणारं पोरगं असेल तर त्याच्याकडून करून घ्या. त्याचं गणितही पक्कं होईल.

आता सुटे भाग. जुना भाग फेकू नका, सोबत घेऊन जा. बेअरिंगच्या पाठीवर पाहा. ‘एस.टी.डी.’ असेल तर मूळ माप, 0.25 किंवा 0.50 असेल तर क्रँक तेवढा घासलेला आहे, आणि नवं बेअरिंगही त्याच मापाचं लागेल. क्रँक पुन्हा घासायचा असेल तर आधी घासून मोजून घ्या, मगच बेअरिंग विकत घ्या. पिस्टनच्या डोक्यावरचे आकडेही उतरवा. हेड गास्केट जुन्या गास्केटवर ठेवून भोकं जुळतात का ते दुकानातच पाहा. डिझेल पंपाच्या पट्टीवरचा आणि नोझलवरचा नंबर जसाच्या तसा लिहा. बॉल बेअरिंगवर 6205 असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणा. 25 मि.मी. हे त्याच्या आतल्या भोकाचं माप. 6208 असेल तर 40.

आणि मंडळी, हे काम गाडी बंद पडल्यावर करू नका. पावसाळ्यात गाडी उभी असते, तेव्हाच एक वही करा. इंजिनाचं पूर्ण नाव, नंबर, सी.सी., पंपाचा नंबर, आणि कुठला भाग कधी व कुठल्या मापाचा घातला ते लिहा. वही गाडीतच ठेवा. मिस्त्री बदलेल, ड्रायव्हर बदलेल, वही राहील. दुकानदाराला ‘बसला नाही तर परत घ्याल का’ हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

वर्षभर राबून पिकवलेला माल चुकीच्या चिठ्ठीपायी गोणीत सडू नये, एवढंच सांगायचं होतं.