वाघ पाहायला गेलो आणि घरधनी भेटले

(साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला सांगितले, "सर, ताडोबा-चंद्रपूरच्या सहलीविषयी थोडे बोला. लोकांना वाघाची गोष्ट आवडते." वाघ आम्हाला दिसला, त्याविषयी सांगतोच. पण आज मी मुख्यतः एक चूक कबूल करायला उभा आहे. ती चूक सहलीच्या आधीची, माझ्या हातून झालेली. सहलीत ती माझ्या ध्यानात आली एवढेच.

आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की, मी शनिवारी आपल्या वसतिगृहात मुलांची शिकवणी घेतो. ३१ वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. गेल्या दिवाळीनंतर नववीच्या मुलांना प्रकल्प करायचा होता : 'माझ्या भागाचा इतिहास'. अहेरी तालुक्यातील आतल्या एका गावचा गोंड मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आमच्या भागाला काही इतिहास नाही." मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बरं, मग तू रायगडावर लिही." त्याने रायगडावर लिहिले. छान अक्षरात लिहिले, चित्र काढले, मी त्याला चांगले गुण दिले आणि विसरून गेलो.

फेब्रुवारीत आपल्या मंडळीतील आम्ही १६ जण सहलीला निघालो. नागपूरहून चंद्रपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. बेत असा होता की, सोमवारी दोन सफाऱ्या करायच्या, मंगळवारी उद्यान बंद असते म्हणून त्या दिवशी चंद्रपूर शहरातील जुन्या वास्तू पाहायच्या आणि बुधवारी सकाळी शेवटची सफारी करून परतायचे. खरे म्हणजे मंगळवार आम्ही नाइलाजाने घातला होता. "वाघ मुख्य, बाकी वेळ काढायचा," असेच सर्वांचे मत होते. माझेही.

सोमवारी पहाटे आम्ही मोहर्लीच्या गेटवर थंडीत कुडकुडत उभे होतो. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून काहींचे चेहरे आधीच उतरलेले. आमच्या जिप्सीला गाइड म्हणून एक पंचविशीची मुलगी मिळाली, जवळच्याच गावची, गोंड समाजातील. तिने सांगितले, ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, महाराष्ट्रातले सर्वांत जुने. १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आम्ही माना डोलावल्या आणि विचारले, "वाघ कुठे आहे?"

पहिल्या फेरीत सांबर दिसले, गवे दिसले, रानकुत्र्यांची टोळी दिसली. रस्त्याच्या कडेला उंच दगडी खांब दिसले. ती म्हणाली, "हे गोंड राजांच्या काळातले. यांच्यातून दोर नेलेला असायचा, घंटा वाजवून निरोप पुढे जायचा, असं जुने लोक सांगतात." आमच्यापैकी एकाने तिला मधेच तोडले, "अहो, खांब राहू द्या, वाघाचं बघा." ती गप्प बसली. आम्हीही कोणी काही बोललो नाही. ते मला आज जास्त लागते.

पुढे एक मोठे माळरान आले. चितळांचा कळप चरत होता. सगळ्यांचे कॅमेरे वर झाले. ती मात्र कळपाकडे न पाहता पलीकडच्या चिंचेकडे पाहत होती. मी सहज विचारले, "काय आहे तिकडे?" ती म्हणाली, "सर, इथं गाव होतं. माझ्या आजीचं घर त्या चिंचेपाशी होतं."

आपल्याला माहीत असावे म्हणून सांगतो. बोटेझरी, जामणी अशी काही गावे या जंगलातून बाहेर हलवून दुसरीकडे वसवली गेली. जिथे घरे होती तिथे आता गवत आहे, गवतावर चितळे आहेत आणि चितळांमागे वाघ येतो. आपण जे माळरान पाहून 'निसर्ग' म्हणतो, ते कोणाचे तरी अंगण आणि शेत होते.

मी विचारले, "आजीला राग आहे का?" ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "तसं नाही सर. इथं दवाखाना नव्हता, पिकं जनावरं खायची, वाघाची भीती होती. नव्या गावात लाइट आहे, रस्ता आहे. आजी म्हणते, बरंच झालं. पण पौष आला की ती घरात थांबत नाही." पौषात काय असते, ते तिने तलावाकाठी सांगितले. ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवावरून पडले. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, अशी कथा आहे. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात गोंड लोक तिथे दर्शनाला जातात. ज्या नावाचे तिकीट काढून आम्ही आत आलो होतो, ते नाव तिच्या आजीच्या देवाचे होते.

संध्याकाळच्या फेरीतही वाघ दिसला नाही. आम्ही हळहळलो. ती म्हणाली, "तुम्हाला दिसावा असं मलाही वाटतं, सर. पण मोहफुलांच्या दिवसांत आई पहाटे अंधारात फुलं वेचायला जाते, तेव्हा घरी आम्ही सगळे म्हणतो, आज दिसू नये." जिप्सीत कोणी बोलले नाही. एकाच वाघासाठी दोन माणसे दोन उलट गोष्टी मागत होती. त्यांतली एक मागणी हौसेची होती आणि दुसरी जिवाची.

मंगळवारी आम्ही चंद्रपुरात गेलो. तिला सुट्टी होती, म्हणून आम्ही विनंती केली आणि ती आमच्याबरोबर आली. मी इतिहासाचा शिक्षक, पण त्या दिवशी मी विद्यार्थी झालो.

हे शहर वसवले गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने. आधीची राजधानी वर्धा नदीकाठी बल्लारपूरला होती. राजाच्या अंगभर गाठी होत्या, काही केल्या जाईनात. एकदा शिकारीला गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यात त्याला पाणी मिळाले. त्याने हातपाय धुतले, पाणी प्यायला आणि बरा झाला, अशी आख्यायिका आहे. हे ऐकताना आपल्या एक बहिणी हळूच म्हणाल्या, "आपल्या नामान सेनापतीसारखंच!" पुढे कथा अशी की, तिथेच राजाने एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिला आणि राणीने सांगितले, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने तट बांधा. कथा कथेच्या जागी. पण तट खरा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे अजून उभे आहेत आणि हत्तीवर मात करणारा सिंह हे गोंड राजांचे चिन्ह दगडात कोरलेले आहे.

अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली बीरशाह राजाची सर्वांत देखणी. ती राणी हिराईने बांधवली. पती गेल्यावर, १८ व्या शतकाच्या सुरुवातीला, दत्तक मुलगा रामशाह लहान असताना या बाईने राज्य चालवले. महाकालीचे मंदिरही तिनेच नव्याने बांधवले असे सांगतात. पतीने पत्नीसाठी बांधलेली कबर पाहायला आपण आग्र्याला जातो. पत्नीने पतीसाठी बांधलेली ही समाधी आपल्या विदर्भात आहे आणि मी ३१ वर्षे इतिहास शिकवून ती कधी पाहिली नव्हती.

१७५१ मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी हे राज्य घेतले. पुढे इंग्रज आले. त्यांच्याविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपुरातच फाशी दिले. ते मोलमपल्लीचे जमीनदार होते. मोलमपल्ली कुठे आहे? अहेरी तालुक्यात.

बंधुभगिनींनो, तिथे माझे पाय थांबले. "सर, आमच्या भागाला काही इतिहास नाही." तो मुलगा अहेरी तालुक्यातला. आणि मी त्याला म्हणालो होतो, बरं.

बुधवारी सकाळी वाघीण दिसली. बांबूतून निघाली, रस्ता ओलांडला, आमच्याकडे एकदाही न पाहता निघून गेली. सुंदर होती, खोटे कशाला सांगू. पण परतीच्या वाटेवर माझ्या मनात ती नव्हती.

पुढच्या शनिवारी मी त्या मुलाला बोलावले. दरवाज्यांचे, समाधीचे फोटो दाखवले. बाबुराव शेडमाक्यांचे सांगू लागलो, तर तो म्हणाला, "ते मला माहीत आहेत सर. आजी त्यांच्या गोष्टी सांगते." मी म्हणालो, "अरे, मग त्या वेळी का नाही बोललास?" तो म्हणाला, "तो इतिहास असतो का सर? मला वाटलं, ती आमच्या घरची गोष्ट आहे."

मी त्याची माफी मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागावी, हे त्याला फार विचित्र वाटले. मग त्याने विचारले, "ते दरवाजे खरंच आहेत? आतून जाता येतं?" मी म्हणालो, "रोज रिक्षा जातात त्यातून."

आपण वर्षानुवर्षे वसतिगृहासाठी देता. त्या देण्याने मुले शिकली, नोकरीला लागली, त्याबद्दल देवाचे आभार. परंतु देणगीचे आवाहन करताना याच व्यासपीठावरून मी कितीदा म्हणालो आहे, "ज्यांच्याजवळ काहीच नाही अशी ही मुले." तसे म्हणणे यापुढे मी बंद केले आहे. त्यांच्याजवळ पैसे कमी आहेत. पण ज्यांच्या पूर्वजांनी शहरे वसवली, ज्यांच्या देवाच्या नावाने जंगल ओळखले जाते, त्यांच्याजवळ काही नाही, असे म्हणणे खोटी साक्ष देण्यासारखे आहे. आणि मूल आपण जे वारंवार बोलतो ते ऐकते, त्यावर विश्वास ठेवते.

दोन विनंत्या करून थांबतो. पहिली, आपण ताडोब्याला जाल तेव्हा पाहुण्यासारखे जा. गाइड सांगेल ते ऐका, जिप्सी वाघामागे दामटायला लावू नका, जमल्यास गावातल्या घरीच मुक्काम करा आणि तिथेच जेवा. मी आमच्या सहलीचा हिशेब ठेवला होता. रिसॉर्टच्या एका रात्रीच्या जेवणाचे आमचे बिल त्या मुलीच्या तिन्ही फेऱ्यांच्या मेहनतान्याहून कितीतरी जास्त होते. आणि चंद्रपूरसाठी एक पूर्ण दिवस ठेवा, उरलेला वेळ नव्हे.

दुसरी विनंती अशी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वसतिगृहातील मुलामुलींना आम्ही हीच सहल घडवणार आहोत. गाइड तीच मुलगी असेल, ती आनंदाने तयार झाली आहे. या वर्षी ब्लँकेट पुरेशी आहेत. ज्यांना काही द्यावेसे वाटते त्यांनी बसमधली एक जागा द्यावी. वाघ दिसेल की नाही, सांगता येत नाही. जटपुरा दरवाजा मात्र नक्की दिसेल, आणि त्या मुलाने मला सांगून ठेवले आहे की, आपण तिथे बसमधून उतरायचे आणि चालत आत जायचे.

देव आपणा सर्वांचे कल्याण करो.