घरातली कट्यार



खंडेनवमी आली की आपल्या कऱ्हाटीत घरोघर लोखंडाची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ धुऊनपुसून पाटावर मांडतात; दारातल्या ट्रॅक्टरलाही हार घालतात. ज्या घराण्यांत पूर्वी पाटीलकी, देशमुखी किंवा शिलेदारी होती, त्यांतल्या काही घरांत त्या दिवशी पेटीच्या तळाशी ठेवलेले एक गाठोडेही सोडले जाते. आत असते कट्यार. तिला हळदकुंकू लागते, मुले लांबून बघतात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर्षभरासाठी पेटीत जाते. या कट्यारीला ओळखावे कसे, जपावे कसे, आणि तिच्याविषयी बोलताना खरे काय ते कसे सांगावे, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम तिची मूठ पाहा. सुरी किंवा खंजीर आपण दांड्याला धरतो, आणि पाते मुठीच्या वरून किंवा खालून निघते. कट्यारीचे तसे नाही. तिला दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या असतात. आडव्या दांड्या मुठीत आवळल्या की पाते सरळ बोटांच्या पेरांपुढे येते. म्हणजे ठोसा मारावा तशी ती चालते, आणि वारामागे मनगटाचेच नव्हे, तर खांद्याचेही बळ उभे राहते. चिलखताच्या कड्या फोडायच्या म्हणून कित्येक कट्यारींचे टोक मुद्दाम जाड घडवलेले असते. अडाण्याला ते बोथट वाटते. जाणत्याला त्यातच लोहाराची अक्कल दिसते.

चौदाव्या शतकात आपल्या देशात आलेला प्रवासी इब्न बतूता याने या हत्याराचे वर्णन करताना त्याला नांगराच्या फाळाची उपमा दिली आहे. दिल्लीच्या दरबारात वावरलेल्या त्या परदेशी माणसाला जे सुचले, ते आपल्या शेतकऱ्याला पाहताक्षणीच पटेल. उत्तरेत हिला जमधर असेही नाव होते. आपला दांडपट्टा हा हिचाच भाऊबंद समजा: आडवी मूठ तीच, वर कोपरापर्यंत लोखंडी बाही, आणि पुढे लांबलचक पाते. या पट्ट्याला 2024 साली महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला.

तुम्ही म्हणाल, कट्यार फक्त मारण्यासाठीच होती काय? तर नाही. दरबारात ती कमरेच्या शेल्यात खोवलेली असे. ती मानाची खूण होती. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक 1967 साली रंगभूमीवर आले. त्यात दरबारी गवयाला मिळणारी कट्यार हीच साऱ्या झगड्याचे मूळ आहे. अशा मानाच्या कट्यारीच्या मुठीवर पुष्कळदा सोन्याची किंवा चांदीची कोफ्तगारी असते. पोलादावर बारीक चरे पाडायचे आणि त्यांवर तार ठोकून बसवायची, असे ते काम. काही पात्यांवर पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी दिसते. ती काढलेली नसते. मुशीत वितळवून केलेल्या पोलादाच्या अंगचीच असते. तिला जौहर म्हणतात.

आता दुःखाची गोष्ट सांगतो. हे सारे आपणच घासून टाकतो. नवमीच्या आदल्या दिवशी कट्यार बाहेर निघते, आणि घरातला उत्साही माणूस चिंच, विटकर नाहीतर पॉलिशपेपर घेऊन बसतो. चिंचेची आंबट पोलाद खाते, विटकर सोन्याची तार उचकटते, आणि पॉलिशपेपराने जौहर कायमचा पुसला जातो. दोन-तीनशे वर्षांत पावसाळ्यांनी जे बिघडवले नाही, ते एका दुपारी बिघडते. कट्यार चकाकते खरी, पण तिची ओळख गेलेली असते.

मग करावे काय? जुना काळसर रंग तसाच राहू द्या. तो तिला झाकून राखतो. तांबूस, भुरभुरणारा गंज तेवढा मऊ फडक्याने आणि हलक्या तेलाने पुसून काढा. तेल शिलाई मशीनचे चालेल. आपल्याकडच्या करडईचे तेल वापरू नका. ते वाळून डिंकासारखे चिकट होते आणि धूळ धरते. हातांच्या घामानेही पाते गंजते, म्हणून हाताळून झाले की पुसून ठेवा. चामड्याच्या किंवा मखमलीच्या म्यानात ती वर्षभर ठेवू नका, कारण म्यानात ओल राहते. म्यान वेगळे ठेवा आणि पाते कोरड्या सुती कापडात गुंडाळा. आणि पूजा? ती अवश्य करा. कुंकू पात्यावर न लावता पुढे ठेवलेल्या पानावर वाहिले, तरी देवाला ते पोचते.

पुढचा प्रश्न खरेखोटेपणाचा. आजकाल बाजारात नव्या कट्यारी पुष्कळ मिळतात. शोभेची वस्तू म्हणून नवी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण नवी ती नवीच म्हणावी. यंत्रावर घासलेल्या पात्याची जाडी सगळीकडे सारखी असते आणि जोडावर वेल्डिंगचा फुगवटा दिसतो. हाताने घडवलेल्या पात्याला मध्ये शीर असते, जाडी बदलत जाते, आणि आडव्या दांड्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या असतात. आणखी एक: कित्येक जुन्या मुठी आजच्या मध्यम हातालाही आवळ होतात. पूर्वज राक्षसासारखे धिप्पाड होते, हे आपले बोलणे ती मूठच खोडून काढते.

इंदापूर ही मालोजीराजे जिथे लढता लढता पडले ती भूमी, आणि बारामतीत मोरोपंतांना आश्रय देणाऱ्या बाबूजी नाइकांचा वाडा आजही आपण पाहतो. तेव्हा ‘आमची कट्यार अमुक लढाईतली’ असे सांगण्याचा मोह होणारच. इथे एक उदाहरण ध्यानात घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे 2024 साली साताऱ्याच्या संग्रहालयात पाहण्यासाठी आली. ग्रँट डफ हा साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी असताना त्याला मिळालेली ही वाघनखे. अफझलखानाला मारले ती हीच, असे तिच्या पेटीवर लिहिलेले आहे. पण 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. म्हणून त्या वस्तूचे मोल कमी झाले काय? उलट तिच्याविषयीचा बाकीचा शब्द विश्वासाचा ठरला. आपणही आजोबांनी सांगितलेली हकिकत जरूर लिहून ठेवावी. फक्त ‘आजोबा असे सांगत’ हे शब्द त्यात असावेत.

कायदाही जाणून असा. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. शेतीची व घरकामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. ज्या भागासाठी सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तिथे परवाना लागतो. तेव्हा पोलीस ठाण्यात विचारून घ्या, आणि वरातीत किंवा मिरवणुकीत कट्यार मुळीच नाचवू नका. तसेच शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाने परदेशी पाठवण्यास 1972 च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. दारावर येऊन पितळेच्या भावाने जुन्या वस्तू मागणाऱ्याला कट्यार देण्यापूर्वी दहादा विचार करा.

शिक्षक मित्रहो, यात तुमचे काम मोठे आहे. गावात अशी कट्यार असेल तर घरमालकाच्या परवानगीने, वडीलधाऱ्यांच्या देखत, ती मुलांना पाहू द्या. हातात देऊ नका; टेबलावर कापड पसरून ठेवा. पात्याची लांबी, रुंदी, वजन, मुठीतल्या दांड्यांची संख्या, नक्षी, सारे वहीत उतरवू द्या. कागदावर तिची आकृती काढू द्या. मग एका पानावर ‘आम्ही पाहिले ते’ आणि दुसऱ्यावर ‘आम्ही ऐकले ते’ असे लिहायला सांगा. इतिहास कसा अभ्यासावा, हे मुलाला त्या दोन पानांवरून कळेल. त्या वहीची एक प्रत घरमालकालाही द्या. पुढे वाटणीत किंवा स्थलांतरात कट्यार कुठे गेलीच, तर निदान तिची नोंद गावात राहील.

येत्या नवमीला गाठोडे सोडाल तेव्हा पॉलिशपेपर बाजूला ठेवा, आणि वही-पेन्सिल जवळ घ्या, एवढीच विनंती.