शोधयादीचे पहिले पान

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाचे वैभव त्याच्या ग्रंथसंख्येवर मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु ज्याची नोंद सापडत नाही ते पुस्तक असून नसल्यासारखेच. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती सिद्ध केली आणि ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठी ग्रंथसंपदा प्रथमच मराठी माणसाच्या नजरेच्या टप्प्यात आली. या सूचीचा एक गुण सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. थोर ग्रंथ आणि चार पानांची चोपडी, दोघांनाही तीत एकेक नोंद मिळते. दाते कोणाला पुढे बसवीत नाहीत, कोणाला मागे ढकलीत नाहीत. निवड वाचकाने करावयाची.

महाजालावरील शोधयंत्राला हे सौजन्य परवडत नाही. एका शब्दाला लक्षावधी पृष्ठे सापडतात. त्यांतले पहिले कोणते, हे ठरवावेच लागते. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा संशोधकांनी त्यासाठी जी रीत मांडली, तिची मुळे ग्रंथालयशास्त्रातच आहेत. यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात विज्ञानविषयक निबंधांची उद्धरण-सूची सुरू केली होती. कोणत्या निबंधाचा निर्देश इतरांनी किती वेळा केला, हे तीत पाहावयास मिळे. पेज आणि ब्रिन यांनी हाच न्याय महाजालावरील पृष्ठांना लावला. एका पृष्ठावरून दुसऱ्याकडे दिलेला दुवा म्हणजे त्या दुसऱ्याच्या बाजूने दिलेले मत. आणि ज्याला स्वतःला पुष्कळ मते मिळाली आहेत, त्याने दिलेल्या मताचे वजन अधिक. पुढे या गणितात अनेक गोष्टी मिळवल्या गेल्या, पण पाया हा होता.

या पायामुळे एक अनपेक्षित गोष्ट घडली. ज्याच्यापाशी छापखाना नाही, जाहिरातीला पैसा नाही, अशा एकट्या लेखणीला मोठ्या संस्थेच्या शेजारी, क्वचित तिच्याही वर, जागा मिळू लागली. त्याचे भारतातले गाजलेले उदाहरण एका मराठी तरुणाचे आहे.

२००५ च्या जून महिन्यात रश्मी बन्सल यांच्या संपादकत्वाखालील 'जॅम' या तरुणांच्या नियतकालिकाने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट, म्हणजे आयआयपीएम, या संस्थेच्या जाहिरातींतील दाव्यांची छाननी करणारा लेख प्रसिद्ध केला. मूळचे पुण्याचे गौरव सबनीस तेव्हा आयबीएम या कंपनीत नोकरीला होते आणि फावल्या वेळी 'व्हँटेज पॉइंट' नावाची अनुदिनी लिहीत. त्यांनी या लेखाचा दुवा देऊन चार शब्द आपले लिहिले. एवढेच. ऑक्टोबरमध्ये त्यांना संस्थेच्या वतीने १२५ कोटी रुपयांच्या भरपाईची नोटीस आली. सबनीसांनी स्वतः लिहिल्याप्रमाणे, संस्थेने आयबीएमकडेही तक्रार नेली आणि विद्यार्थी आपले संगणक कंपनीच्या कार्यालयासमोर जाळतील, अशी भाषा झाली. आपल्या लिखाणापायी कंपनीला त्रास नको म्हणून त्यांनी राजीनामा दिला. मजकूर मात्र काढला नाही.

मजकूर काढून घेतला असता तर प्रकरण बहुधा तेथेच मिटले असते. पण नोकरी गेलेल्या माणसाची हकिगत देशभरच्या शेकडो लिहित्या हातांनी उचलली आणि प्रत्येकाने मूळ लेखाकडे बोट दाखवले. शोधयंत्राच्या हिशेबी ही सारी मतेच होती. संस्थेचे नाव शोधणाऱ्यास आता तिच्या आकर्षक मजकुराबरोबर हे आक्षेपही पुढ्यात भेटू लागले. नोटीस ज्यासाठी दिली, त्याच्या नेमके उलट घडले. प्रवेशासाठी काही लाख रुपये मोजण्याच्या बेतात असलेल्या पालकाला दुसरी बाजू अशा रीतीने विनासायास दिसू लागली.

येथे थोडे थांबणे इष्ट. शोधयंत्र मते मोजते, सत्य मोजत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत टीकाकारांनी ठरवून दुवे दिले आणि 'घोर अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा शोध घेतला की राष्ट्राध्यक्ष बुश यांचे चरित्र वर येऊ लागले. गुगलने त्यावर इलाज केला तो २००७ मध्ये. तेव्हा सबनीसांचा मजकूर वर आला म्हणून तो खरा ठरला, असे समजणे भोळेपणाचे होईल. वर आल्यामुळे तो तपासला जाऊ लागला, इतकेच म्हणता येते. आणि तेही थोडे नव्हे.

पुढची लढाई उघडच सूचीवरची होती. २०११ मध्ये 'कॅरव्हान' मासिकातील लेखावरून संस्थेने आसामातील सिलचर येथे ५० कोटींचा दावा लावला, त्यात लेखक आणि प्रकाशक यांच्या जोडीला गुगलच्या भारतीय कंपनीलाही प्रतिवादी केले. पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे सांगितले म्हणून ग्रंथपालावर खटला भरावा, तसाच हा प्रकार. फेब्रुवारी २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील ग्वाल्हेरच्या न्यायालयाच्या अंतरिम आदेशावरून दूरसंचार विभागाने ७३ पृष्ठे रोखण्यास सांगितले. त्यांत वृत्तपत्रांचे लेख होते, विडंबने होती आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची सूचनाही होती. ही संस्था विद्यापीठ नाही व तिला पदव्या देण्याचा अधिकार नाही, असे सांगणारी सरकारी सूचना सरकारच्याच दुसऱ्या खात्याने झाकली!

याचा अर्थ शहरातल्या माणसापेक्षा दूरच्या गावी अधिक तीव्रतेने जाणवतो. खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोटचा एखादा बारावी झालेला मुलगा विचारात घ्या. दिल्लीच्या संस्थेची इमारत त्याने पाहिलेली नसते, तेथे शिकून आलेला कोणी शेजारी नसतो. पुण्यामुंबईच्या मुलाला चौकशी करायला चार ओळखीची घरे असतात. याला हातातल्या यंत्राने दाखवलेली यादी असते, आणि तीतलीही वरची पाचसात नावे. ही नावे कोणी वर नेली, कोणती खालून काढून घेतली, हे त्याला दिसण्याचा मार्ग नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवावा असा आहे. शोधयंत्राने तो नियम अक्षरशः पाळला. मात्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हा दुसरा नियम त्याच्या गणितात बसत नाही.

खरेखोटेपणाचा निवाडा अखेर यादीबाहेर, न्यायालयात झाला. २६ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या संस्थेला आपल्या अभ्यासक्रमांसाठी एमबीए, बीबीए, बिझनेस स्कूल असे शब्द वापरण्यास मनाई केली आणि आपल्याला कोणत्याही वैधानिक मंडळाची मान्यता नाही, हे स्वतःच्या संकेतस्थळावर ठळकपणे लिहिण्यास सांगितले. २०१५ मध्ये संस्थेने आपली बहुतेक केंद्रे बंद करीत असल्याचे जाहीर केले. सबनीस तोवर अमेरिकेत जाऊन विपणनशास्त्राचे प्राध्यापक झाले होते.

एक बारकावा सांगावयाचा राहिला. २०१३ मध्ये जी पृष्ठे रोखली गेली, त्यांतील काही मजकूर आधी कागदावर छापून आलेला होता. तो आदेश महाजालावरील पत्त्यांपुरता होता. ज्या वाचनालयांनी त्या महिन्यांचे अंक बांधून ठेवले होते, तेथे ते फडताळातून काढून वाचण्यास वर्गणीदाराला कोणाचीही आडकाठी नव्हती.