बिनगावाचे नंबर
(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर केलेले भाषण)



वर्धापनदिनी दोन शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी मला सुचवले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. व्याख्यान देण्याची मला सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या अनुभवातले काही सांगा." मग मनात आले, इंग्लंडात संसार केला तो काटकसरीने केला, कोथिंबिरीची जुडीसुद्धा दोन दुकानांत भाव विचारून घेतली. पण घरातल्या फोनचा भाव मात्र कधी कुणाला विचारला नाही. न विचारल्याने काय झाले, तेच आज सांगणार आहे. विषय रुक्ष आहे खरा, पण तो आपल्या सर्वांच्या घरातला आहे.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. लहानपणी ट्रंक कॉल लावायचा म्हणजे पोस्टात जाऊन बसावे लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार असत. मिनिटे मोजली जात, म्हणून काय बोलायचे ते वडील कागदावर आधी लिहून नेत. त्या काळी त्रास होता. पण हिशेब सोपा होता. गाव जितके लांब, तितके पैसे जास्त. लहान मुलालाही समजावे असा तो हिशेब.

इथे आल्यावर तोच हिशेब मी डोक्यात ठेवला. ०१ आणि ०२ ने सुरू होणाऱ्या नंबरांना गाव असते. ०२० म्हणजे लंडन, ०१२१ म्हणजे बर्मिंगहॅम, ०११६ म्हणजे लेस्टर. परंतु ०३, ०८ आणि ०९ ने सुरू होणाऱ्या नंबरांना गावच नाही! पलीकडे बोलणारी बाई ग्लासगोत बसलेली असेल, नाही तर आपल्या मागच्या गल्लीत. अंतराशी पैशांचा काहीच संबंध नाही. दर ठरतो तो नंबराच्या पहिल्या आकड्यांवर. एवढी एक गोष्ट मला वेळेवर कळली असती, तर पुढचे सगळे टळले असते.

२०१९ साली हे गेले. आमच्याकडे बिलांचे सर्व खाते त्यांचे. ते गेल्यावर विजेचे बिल माझ्या नावावर करून घ्यायचे होते. नंबर हवा म्हणून मी कॉम्प्युटरवर कंपनीचे नाव घातले. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत एक ०८७ चा नंबर आला. मी तोच लावला. "कृपया थांबा, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे," असे मधूनमधून ऐकू येई, पुन्हा गाणे लागे. आपण सभ्य माणसे. थांबा म्हटल्यावर थांबतो. दोन दिवसांत मिळून ५२ मिनिटे मी थांबले आणि बोलले.

महिन्याने फोनचे बिल आले. सूनबाईने ते पाहिले आणि म्हणाली, "आई, ह्या एका नंबराचे १४ पौंड ५६ पेन्स लागले आहेत. आणि हा नंबर विजेच्या कंपनीचा नाहीच. मधल्या कुणाचा तरी आहे. ते तुमचा फोन फक्त पुढे जोडून देतात." तसे त्या पानावर लिहिलेलेही होते म्हणे, पण बारीक अक्षरांत! कंपनीचा खरा नंबर ०८०० चा होता, अगदी फुकटचा. तो ह्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या बिलाच्या पाठीवर छापलेला होता. फोन खरोखरच मोलाचा होता, फक्त मोल माझ्या पदरचे होते!

आता हे पैसे झाले कसे, ते नीट पाहू. १ जुलै २०१५ पासून इथे असा नियम आहे की ०८४, ०८७, ०९ आणि ११८ या नंबरांच्या दराचे दोन भाग पडतात. पहिला भाग आपली फोन कंपनी घेते. त्याला अॅक्सेस चार्ज म्हणतात. दुसरा भाग ज्याला आपण फोन करतो त्याच्या बाजूला जातो. तो सर्व्हिस चार्ज. माझ्या बिलात पहिला भाग मिनिटाला १५ पेन्स होता आणि दुसरा १३. दोन्ही मिळून २८ पेन्स. त्याला ५२ ने गुणले की १४ पौंड ५६ पेन्स. जाहिरातीत सहसा दुसराच भाग लिहिलेला असतो, "अधिक आपल्या कंपनीचा अॅक्सेस चार्ज" अशी पुस्ती जोडून. ती पुस्ती कधी मूळ रकमेहून मोठी निघते. पहिला भाग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, पण तो आपल्या दरपत्रकात आणि बिलावर सांगणे कंपनीला बंधनकारक आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपल्या बिलावर तो शोधून काढावा, अशी माझी विनंती आहे.

आता नंबरांची ओळख थोडक्यात करून देते.

०८०० आणि ०८०८ हे पूर्ण फुकट. घरच्या फोनवरून ते पूर्वीपासून फुकट होते. मोबाइलवरून २०१५ पासून झाले.

०३ चे नंबर २००७ साली आले. त्यांना गाव नाही. पण दर मात्र ०१-०२ इतकाच. तुमच्या पॅकेजात ०१-०२ चे बोलणे धरलेले असेल, तर ०३ चेही धरावेच लागते. सरकारी खाती, कौन्सिल, धर्मादाय संस्था हे नंबर बरेच वापरतात. त्यांना भिऊ नये.

०८४ ला सर्व्हिस चार्ज मिनिटाला ७ पेन्सपर्यंत, ०८७ ला १३ पेन्सपर्यंत. पॅकेजात हे सहसा धरलेले नसतात.

०९ हे सर्वांत महाग. मिनिटाला ३ पौंड ६० पेन्सपर्यंत, नाही तर एका कॉलला ६ पौंडांपर्यंत. टीव्हीवरच्या स्पर्धा, भविष्य सांगणे वगैरे इथे चालते. घरात लहान मुले असतील तर कंपनीला सांगून हे नंबर बंद करून घ्यावेत. बहुतेक कंपन्या करून देतात.

११८ म्हणजे नंबर विचारण्याची सेवा. तिच्यावर २०१९ साली मर्यादा घातली गेली, तीसुद्धा ९० सेकंदांना ३ पौंड ६५ पेन्स! त्यापेक्षा शेजारणीला विचारलेले बरे.

आणखी दोन गोष्टी पदराला बांधून ठेवण्यासारख्या आहेत. २०१४ पासूनच्या कायद्याप्रमाणे, आपण ज्या दुकानाचे वा कंपनीचे गिऱ्हाईक आहोत, तिने विकलेल्या वस्तूबद्दल विचारण्यासाठी साध्या दराहून महाग नंबर ठेवता येत नाही. बँका व विमा कंपन्यांनाही २०१५ च्या ऑक्टोबरपासून तसेच बंधन आहे. तेव्हा महाग नंबर दिसला, तर "तुमचा साधा नंबर द्या" असे खुशाल म्हणावे. दुसरी गोष्ट अशी की, ०८४४ चा नंबर असेल तर ८ च्या जागी ३ घालून ०३४४ लावून पाहावा. तो नंबर त्याच मालकासाठी राखलेला असतो. त्याने चालू केला असेल तर लागतो, नसेल तर लागत नाही; आपले काही जात नाही.

भगिनींनो, माझे भाषण इथेच संपले असते, तर ते १४ पौंडांचे भाषण झाले असते. पण खरे नुकसान पुढेच झाले. त्या बिलानंतर मला फोनची धास्ती बसली. पुढच्या हिवाळ्यात एका रात्री मला ताप भरला, श्वास लागू लागला. १११ वर दवाखान्याचा सल्ला मिळतो हे मला ठाऊक होते. पण मनात आले, तीन आकडी नंबर, ११८ सारखाच असणार. किती पैसे लागतील कोण जाणे! म्हणून सकाळपर्यंत बसून राहिले. सकाळी चिरंजीवांनी इस्पितळात नेले, तेव्हा न्यूमोनिया निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "रात्रीच फोन का केला नाहीत?" काय सांगणार? १११ फुकट आहे, हे मला त्यांच्याकडून कळले! महाग नंबर न ओळखल्याने माझे पैसे गेले. पण फुकटचा नंबर न ओळखल्याने जीवच जाण्याची वेळ आली होती.

म्हणून हे पाठ करावे. ९९९ आणि १११ फुकट. पोलिसांचा १०१, जो २०२० पर्यंत कॉलला १५ पेन्स घेत असे, तो आता फुकट. मन फार खचले असेल, कुणाशी बोलावेसे वाटत असेल, तर सॅमॅरिटन्सचा ११६ १२३, रात्री-बेरात्रीही फुकट.

एक गोष्ट अशी आहे की, ती हळू आवाजात सांगावी असे वाटते. एक बाई, कोण ते मी सांगणार नाही, मला म्हणाली, "मला मदत मागायची आहे हो, पण आमच्याकडे फोनचे बिल दुसरे कुणी तरी ओळ अन् ओळ वाचते." तिला काय उत्तर द्यावे ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. नंतर चौकशी केली, तेव्हा कळले की, जे कॉल खरोखर फुकट असतात, ०८०० वा ०८०८ चे, ते बिलाच्या तपशिलात छापायचे नाहीत असा नियमच आहे. तो अशाच बायकांचा विचार करून ठेवला असावा. घरात मार सोसणाऱ्या, धाकात राहणाऱ्या स्त्रियांसाठी ०८०८ २००० २४७ हा नंबर चोवीस तास चालतो. तो बिलावर येत नाही. मात्र ०१, ०२ वा ०३ चा नंबर पॅकेजात बिनपैशाचा असला, तरी बिलावर येऊ शकतो. फरक लक्षात ठेवावा. शिवाय फोनच्या यंत्रात शेवटचा नंबर राहतो, मोबाइलमध्ये तर सगळी यादीच राहते. बोलून झाल्यावर ती पुसावी, किंवा मैत्रिणीच्या घरून फोन करावा. माझे दार उघडे आहे, आणि मी का म्हणून विचारणार नाही. हे मी त्या बाईला पुढच्याच आठवड्यात जाऊन सांगितले.

म्हणून माझी एक सूचना आहे. हे सर्व नंबर मोठ्या मराठी अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून मंडळाने प्रत्येक घरी द्यावेत. फोनशेजारी तो पुठ्ठा टांगावा. ज्या वयस्कर भगिनींना बिल वाचता येत नाही, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा कुणी तरी जाऊन बसावे. लिहिण्याचे काम मी करीन. अक्षर अजून बरे आहे.

आमच्या गावच्या पोस्टात वडील भाव विचारूनच फोन लावत, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. तो आपल्यालाही वाटू नये.