ज्येष्ठांच्या ताटात डाळ किती?

ज्येष्ठांसाठी डबे पोचवणाऱ्या किंवा केंद्रात पंगत चालवणाऱ्या संस्थांना विचारावं, जेवण कसं असतं? उत्तर ठरलेलं: ‘अगदी हलकं!’ मऊ भात, पातळ वरण, दुधीची भाजी. माझं भांडण आहे ते या हलकेपणाशी.

साठीनंतर हालचाल मंदावते, उष्मांक कमी लागतात, हे खरं. प्रथिनांची गरज मात्र घटत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वार्धक्याचे अनेक अभ्यासक १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जातात. म्हणजे साठ किलोच्या आजोबांना ५० ते ७० ग्रॅम. (मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडे.) ती मिळाली नाहीत की मांड्यांचे स्नायू झिजतात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, आणि आपण म्हणतो, ‘वय झालं!’

२०२० च्या जानेवारीत सुरू झालेली शिवभोजन थाळी आठवा. ती खास ज्येष्ठांसाठी नव्हे, पण तिचं माप जाहीर होतं: ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. ढोबळ हिशेबानं पंधराएक ग्रॅम प्रथिनं. पण मेख वरणात आहे. माप वरणाचं आहे, डाळीचं नाही. त्यात कोरडी डाळ २५ ग्रॅम पडली तर साडेपाच ग्रॅम प्रथिनं; १० ग्रॅमच पडली तर जेमतेम दोन. वाटी दोन्हीकडे भरलेलीच दिसते! आणि एकट्या राहणाऱ्या आजींची सकाळ चहा-बिस्किटावर नि रात्र दूध-भातावर निघत असेल, तर दुपारच्या त्या वाटीवर फार भार येतो.

अमेरिकेत १९६५ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात १९७२ साली भोजनाची तरतूद आली. केंद्रातल्या किंवा घरपोच दिलेल्या एका जेवणातून दिवसभराच्या शिफारशीतला किमान एक तृतीयांश भाग मिळालाच पाहिजे, असं तो कायदा सांगतो. माणसांनी चार माणसांत बसून जेवावं, हाही त्याचा लिखित हेतू आहे. तिथलं अन्न रुचकर असतंच असं नाही. पण जाब विचारायला आकडा तरी आहे.

आपल्याकडे देणगीदाराचं नाव फळ्यावर येतं, माणशी डाळ येत नाही. ती लिहा. कवळीला मूग-मटकीची उसळ नको असेल तर कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या. पिठलं, दही, भाजीत दाण्याचं कूट, चालत असेल त्याला अंडं. आणि चव? वयानं नाक-जीभ बोथटतात, म्हणून हात लोणच्या-पापडाकडे जातो नि रक्तदाब वर. लिंबू, लसूण, कोथिंबीर सढळ वापरा. लोणच्याची बरणी पंगतीतून उचलायची हिंमत मात्र कुठल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षात आहे, ते मला बघायचंय!