प्रवरेची माती आणि ध्रुवसमुद्राचा तळ



रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघणारी मुळा या आपल्या जिल्ह्याच्या दोन्ही नद्यांना पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असूनही, सह्याद्रीचा माथा आडवा आल्यामुळे त्या पूर्वेची वाट धरतात, नेवासे तालुक्यात एकमेकींना मिळतात, टोक्याजवळ प्रवरासंगमावर गोदावरीच्या स्वाधीन होतात आणि तेथून हजारांहून अधिक किलोमीटरांची मजल मारून बंगालच्या उपसागरात पोहोचतात. या पाण्याचा जमाखर्च आपण मोठ्या दक्षतेने ठेवतो. भंडारदऱ्याचे आवर्तन केव्हा सुटावे आणि जायकवाडीसाठी किती पाणी सोडावे, या वादांनी दफ्तरेच्या दफ्तरे भरली आहेत. परंतु त्याच पाण्याबरोबर जी माती वाहून जाते, आणि त्या मातीला बिलगून पानांचा, मुळांचा, शेणखताचा जो सेंद्रिय कर्ब जातो, त्याची नोंद कोणत्याही खतावणीत सापडत नाही. त्या कर्बाची अखेर काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मला आपणांस काही काळ उत्तर ध्रुवाच्या समुद्रापर्यंत न्यावे लागणार आहे, कारण हा प्रश्न तेथे जितका निकडीचा झाला आहे तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल.

जगातील नद्या दरवर्षी अदमासे 40 ते 50 कोटी टन सेंद्रिय कर्ब समुद्रात नेतात. त्यातील काही पाण्यात विरघळलेला असतो, काही मातीच्या कणांवर स्वार असतो. इतकी आवक असूनही खुल्या समुद्राच्या पाण्यात जमिनीवरील वनस्पतींची खूण फार थोडी आढळते. लाकडाला बळकटी देणारे लिग्निन समुद्रात जवळजवळ निर्माणच होत नसल्यामुळे तेच या मालाची ओळख पटवणारे द्रव्य, पण तेही तेथे अत्यल्प. 1997 साली जॉन हेजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विसंगती शास्त्रज्ञांसमोर स्पष्टपणे मांडली. कर्बापुढे वाटा दोनच: सूक्ष्मजीवांनी त्याचे भक्षण केले तर तो कार्बन डायऑक्साइड होऊन पुन्हा हवेत जातो, आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून तो त्वरेने गाळाखाली गाडला गेला तर लक्षावधी वर्षांच्या मुदतीसाठी हवेच्या हिशेबातून बाहेर पडतो.

आता उत्तरेकडे पाहू. आर्क्टिक महासागरात जगातील समुद्रजलाचा जेमतेम एक शतांश भाग आहे, पण जगातील नद्यांच्या पाण्याचा एक दशांशाहून अधिक वाटा त्याच्या पदरात पडतो. ओब, येनिसेई, लेना, कोलिमा, युकॉन आणि मॅकेंझी या सहा महानद्या ज्या मुलखातून वाहतात, तेथील बारमाही गोठलेल्या जमिनीत आणि तिच्या आसपास सुमारे दीड लाख कोटी टन कर्ब साठलेला आहे, म्हणजे आजच्या वातावरणातील कर्बाच्या जवळजवळ दुप्पट. हिवाळ्यात बर्फाखाली मंदपणे वाहणारी लेना मे-जूनमध्ये बर्फ फुटताच असा पूर आणते की वर्षभराच्या विरघळलेल्या कर्बाचा मोठा हिस्सा थोड्याच आठवड्यांत समुद्रात जातो. हा कर्ब बहुतांशी नव्या वनस्पतींचा, म्हणून लवकर विघटन पावणारा. याउलट काठ ढासळून पडणाऱ्या मातीतील कर्ब हजारो वर्षांचा जुना असतो. तो लेनेच्या मुखासमोरील लापटेव समुद्राच्या उथळ तळावर बसतो, लाटांनी उठतो, पुन्हा बसतो. आणि ही शेकडो किलोमीटरांची उथळ भूमी ओलांडून खोल समुद्राच्या कडेपर्यंत जाण्यास त्याला काही सहस्र वर्षे लागतात, असा कालमापनाचा निष्कर्ष आहे. इतक्या दीर्घ प्रवासात प्राणवायूशी पुनःपुन्हा गाठ पडल्यावर त्यातले शिल्लक किती राहणार? त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्या समुद्राचे पाणी अधिक आम्लधर्मी करतो, आणि शंख-शिंपल्यांच्या जीवांना ते जाचक ठरते. मॅकेंझीची कथा मात्र वेगळी आहे. तिच्या मुखाशी गाळ विपुल आणि झपाट्याने साचतो, म्हणून तिने आणलेल्या कर्बाचा बराच अंश गाडला जातो, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. केवळ थंडी कर्बाला वाचवते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. गाळाचा वेग आणि माती यांचा अधिकार मोठा आहे.

आणि माती म्हटली की मी घरी परततो. गोदावरीच्या खोऱ्याचा सुमारे निम्मा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. त्या पाषाणाच्या झिजेतून झालेली आपली काळी चिकण माती कर्बाला धरून ठेवण्यात निष्णात आहे. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळात घेतलेल्या गाळाच्या नळीतील पानांवरच्या मेणाची तपासणी करून 2012 साली संशोधकांनी असे दाखवले, की सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून खोऱ्यात कोरडवाहू हवामानाला सरावलेल्या वनस्पती वाढत गेल्या. त्याच सुमाराच्या आगेमागे प्रवरेच्या काठी दायमाबादची वसाहत नांदत होती, आणि पुढे ती ओसाड पडली. त्या वसाहतीच्या भोवतीच्या गवताचे मेण आजही उपसागराच्या तळाशी सुरक्षित असेल, या विचाराने माझे मन भारावून जाते. ज्या अवधीत लापटेव समुद्रात एखादा कण कडेला पोहोचता पोहोचता झिजून जातो, जवळपास तेवढ्याच अवधीत आपल्या पूर्वजांच्या रानातील पानाचा अंश गाळाच्या आश्रयाने टिकून राहिला.

परंतु 1976 पासून जायकवाडीचा नाथसागर या मार्गात आडवा उभा आहे. त्याच्या आधी 1926 साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे, मुळेवर बारागाव नांदूरचे धरण आहे. सह्याद्रीची माती आता पुष्कळशी येथेच अडते, आणि तिचा कर्बही. नाथसागराच्या तळाशी तो गाडला जातो हे खरे, पण उन्हाळ्यात पाणी ओसरून उघडी पडलेली गाळपेर जमीन तडकते, नांगरली जाते, आणि गाडलेल्या कर्बाला पुन्हा हवा लागते. धरणांचा गाळ उपसून शिवारात टाकण्याची जी योजना शासनाने चालवली आहे ती शेतकऱ्याच्या हिताची आहे आणि मी तिचा पुरस्कर्ताच आहे; तथापि त्या गाळात किती कर्ब आला आणि शेतात किती टिकला, याचा तपशील गोळा केल्याखेरीज ती योजना पुरी झाली असे मी मानणार नाही.

ध्रुवीय नद्यांच्या अभ्यासकांनी 2003 पासून त्या सहाही नद्यांवर एकाच पद्धतीने नमुने घेण्यास आरंभ केला, म्हणूनच त्यांना आज एका नदीची दुसरीशी रुजवात घालता येते. गोव्याच्या आपल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रानेही 2014 साली स्वालबार्डच्या कॉंग्सफ्योर्डमध्ये पाण्याखाली उपकरणे बसवली. मग प्रवरासंगमावर, पहिल्या पावसाच्या गढूळ लोंढ्यात, भर पुरात आणि दिवाळीनंतरच्या निवळ पाण्यात, दरवर्षी बाटल्या भरून घेणे आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना अशक्य का असावे? राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, तेथे मातीतील सेंद्रिय कर्ब मोजणारे हात आहेत. नदीचे पाणी गाळून उरलेला गाळ त्यांच्याकडे पोहोचवावा, आणि येत्या मृगापासूनच आरंभ करावा, अशी माझी या सभेस विनंती आहे.