खजिनदार बाईंची तूट

१८३८ साली स्थापन झालेलं नगरचं जिल्हा वाचनालय असो की एखाद्या गावातलं लहानसं ग्रंथालय, दिवाळी अंक आले की बरेच वाचक आधी व्यंगचित्रं चाळतात. चाळतात, बघत नाहीत. नजर थेट चित्राखालच्या ओळीवर जाते, हसू येतं आणि पान उलटतं.

श्रीमंत बायकांवरच्या चित्रांचं यात फार नुकसान होतं. तशात आपल्या अंकांनी एक साचा वर्षानुवर्षं राबवला: जाडजूड बायको, हातात लाटणं, समोर किडकिडीत नवरा. त्यात कोणती बाई, कशी बाई, याचा पत्ताच नसतो. हा निव्वळ आळस.

त्याऐवजी गोव्याच्या मारिओ मिरांडांची मिस निंबूपाणी पाहावी. आपल्या थाटावर बेहद्द खूश असलेली ही सिनेतारका हास्यास्पद आहे, पण केविलवाणी नाही. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर मारिओंची माणसं आजही गर्दी करून आहेत. तिथे चहा निवला तरी चालेल, एकेक चेहरा बघावा.

मात्र श्रीमंत बायकांच्या व्यंगचित्रांत अमेरिकन व्यंगचित्रकार हेलन हॉकिन्सन यांच्या जवळपास कोणी नाही. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिक १९२५ साली निघालं आणि त्याच वर्षी त्यांची चित्रं त्यात येऊ लागली. खात्यापित्या घरच्या, मध्यमवयीन, गोलमटोल बायका. डोक्यावर नेटकी टोपी, पावलं इवलीशी. १९३१ पासून चित्रांखालच्या ओळी बहुधा जेम्स रीड पार्कर लिहीत. एका चित्रात महिला क्लबच्या खजिनदार बाई अध्यक्षांची माफी मागतात: या महिन्यात हिशेब सादर होणार नाही, कारण तूट आली आहे! संगमनेरच्या बचत गटातल्या बायका हे ऐकून आधी खळखळून हसतील आणि मग वही मागतील. पण त्या बाईंच्या बोलण्यात लबाडी शोधून सापडत नाही. वाईट बातमी सभेत कशाला सांगायची, इतकाच त्यांचा सरळ हिशेब.

आपल्या या बायकांना लोक कुत्सितपणे हसू लागलेत, याचं हॉकिन्सनना वाईट वाटे. त्या भाषणांतून त्यांची बाजू मांडू लागल्या. १ नोव्हेंबर १९४९ रोजी एका मदतनिधीच्या कार्यक्रमात बोलायला निघाल्या असताना वॉशिंग्टनजवळ विमान अपघातात त्या गेल्या.

यंदा दिवाळी अंक हाती आला की खालची ओळ तळहाताने झाकावी. बाई कशी उभी आहे, पर्स कशी धरली आहे, शेजारणीकडे बघते की नाही, हे आधी पाहावं. ओळ नंतर वाचावी.